स्वस्त ऑर्बिटल बफरने गाडीला वॅक्स लावताना

स्वस्त ऑर्बिटल बफरची, म्हणजे छोट्या गोलाकार फेऱ्यांत गादी फिरवून गाडी चमकवणाऱ्या विजेच्या यंत्राची, मोटर फारशी ताकदवान नसते आणि वॅक्स लावण्यासाठी तेच सोयीचे आहे, कारण नवख्या हातातही रंग जळण्याचा धोका कमी राहतो. मात्र नखाला जाणवणारा ओरखडा त्याने जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. गाडी धुऊन, पुसून सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागल्यावरच काम सुरू करावे. वॅक्स पत्र्यावर न ओतता बफरच्या कापडी टोपीवर चमचाभर पसरावे, टोपी पत्र्याला टेकवल्यानंतरच बटण दाबावे आणि यंत्र उचलण्याआधी ते बंद करावे, नाहीतर वॅक्सचे शिंतोडे थेट काचेवर उडतात. वायर खांद्यावरून मागे टाकावी. यंत्राचे वजनच पुरेसे असते, त्यामुळे वरून दाब न देता साधारण २ फूट लांबी-रुंदीच्या भागावर ते सावकाश, आधी आडवे आणि मग उभे फिरवावे. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावणे मला अत्यावश्यक वाटते, कारण तिथे वाळलेल्या वॅक्सचे पांढरे डाग फार चिवट असतात. पत्र्यावरच्या वॅक्सवर बोट फिरवल्यावर खालचा रंग स्वच्छ दिसू लागला, की दुसऱ्या, कोरड्या मायक्रोफायबर टोपीने वॅक्स काढावे. जमिनीवर पडलेली टोपी धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. तिला चिकटलेला वाळूचा एखादा कणही बॉनेटवर गोलगोल ओरखडे उमटवतो.