मोर्चात म्हणायची कविता कशी बांधावी

शोषण, क्रांती, मशाल, रक्त हे शब्द इतके वापरून झालेत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आता काहीच उभं राहत नाही. त्यामुळे लगेच लिहायला बसू नका. एकच मागणी निवडा आणि तिचे कागद मिळवा : नोटीस, हजेरीपट, अर्जाची पोच. ज्यांच्यावर वेळ आली त्यांच्याशी बोला, त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. वहीत निदान दहा-बारा वस्तू आणि क्रिया जमू द्या. ‘मजुरांचं शोषण झालं’ हे कोणीही झटकून टाकतो. ‘अंगठा घेतला, पैसे दिले नाहीत’ हे झटकता येत नाही.

मग कविता कोणाला उद्देशून आहे ते ठरवा. मालक, अधिकारी, की बघून गप्प राहणारा शेजारी? कोणीतरी एकच. मध्येच संबोधन बदललं की धार जाते.

मुक्तछंद कागदावर उत्तम चालतो, पण गर्दीला साथीला घ्यायचं तर ठेका हवा. आपल्याकडे त्यासाठी अभंग आहे. चौदाव्या शतकात चोखोबांनी जातीचं दुखणं विठ्ठलापुढे मांडलं ते अभंगातच. मोठ्या अभंगाचा नेहमीचा साचा म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक :

अंगठा घेतला । हजेरी लागली ।
मजुरी अडली । कोणापाशी ॥

जोडाक्षर एकच मोजायचं. ऱ्हस्व-दीर्घाचं बंधन नाही, म्हणून बोलीतले शब्द यात सहज बसतात. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे आपोआप थांबा येतो आणि नेमकं तिथेच लोक सूर धरतात. ‘मजुरी अडली कोणापाशी’ हेच ध्रुपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत म्हणायची ओळ, करा. ध्रुपदाच्या शेवटी आ, ई, ओ असा लांबवता येणारा स्वर असावा. ‘हक्क’, ‘न्याय’ अशा शब्दांवर शेवट केला तर आवाज लगेच तुटतो. यमकासाठी मात्र खोटा तपशील घुसवू नका. आठवड्याची मजुरी अडली असेल तर महिन्याची लिहायची नाही. एक चूक सापडली की समोरचा सगळी कविताच खोटी ठरवतो.

पाच-सहा कडवी पुरेत. ध्रुपदासकट दोन मिनिटांच्या आत संपवा.

दुसऱ्याचं दुःख ‘मी’ म्हणून लिहिताना फार जपा. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवा. त्याने नको म्हटलेली ओळ काढायची, ती कितीही चांगली असली तरी. सूड उगवला जाण्याची भीती असेल तर नाव-गाव बदला. आरोप कागदावर आहे तेवढाच करा, पुढचं प्रश्न म्हणून विचारा.

उभं राहून तीनदा मोठ्याने म्हणा. श्वास अडतो तिथे ओळ लांब झाली आहे, जीभ अडखळते तिथे शब्द जड आहे. दोन्ही बदला. ध्रुपद सुरुवातीलाच दोनदा म्हणून घ्या, म्हणजे लोकांना ते कळेल. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा. गर्दी ध्रुपद म्हणत असेल तेव्हा तुम्ही थांबा. तिच्यावर आवाज चढवलात तर ती गप्प होते. शेवटचा प्रश्न विचारून झाला की आभार नकोत, स्पष्टीकरण नको. कागद खाली करा आणि माइकपासून बाजूला व्हा.