दुष्काळात कोयनेची वीज किती घटेल, हे कसे ताडावे

कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट असली, तरी दुष्काळी वर्षात प्रत्यक्ष वीज किती मिळेल हे पाण्याच्या वाटपावर ठरते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, शिवाजीसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, साठा प्रथम पाहावा. पूर्ण साठा सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) असतो आणि त्यातून मृत साठा, म्हणजे तळाचे वापरता न येणारे पाणी, वजा करूनच पुढचा हिशेब धरावा. त्यानंतर १ जूनपासून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याची बेरीज करावी, कारण कृष्णा पाणी तंटा लवादाने या वापरास वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे.

खरी कसोटी पूर्वेकडे लागते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची मागणी वाढली की पाणी धरणाच्या पायथ्याकडून नदीत सोडावे लागते, आणि तेथे उंची कमी मिळत असल्याने पश्चिमेकडील पोफळी वीजगृहाच्या तुलनेत तेवढ्याच पाण्यातून फारच थोडी वीज निघते. शिवाय या योजनांचे पंप स्वतःही वीज ओढतात, ही गोष्ट हिशेबात हमखास राहून जाते. पिण्याला आणि शेतीला अग्रक्रम मिळणे योग्यच आहे. मात्र तुटीच्या वर्षी कोयनेची वीज संध्याकाळच्या कमाल मागणीसाठी राखावी आणि दिवसाची गरज सौर व औष्णिक विजेतून भागवावी.