शॉकअप किती नंबरवर ठेवायचा? नवीन बाईकवाल्यांसाठी

पाडव्याला शोरूममध्ये काय गर्दी असते माहितीये ना, हार, नारळ, पेढे, फोटो, आणि मग "पहिल्या सर्व्हिसिंगला वेळेवर आणा" एवढं सांगून चावी हातात. माझ्या वेळी पण तेच झालं. मागचा शॉकअप कमीजास्त करता येतो हे मला आठ महिन्यांनी कळलं, ते पण पंक्चरवाल्याकडून! तोपर्यंत बायको मागे बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला धाडकन आपटायचो आणि शिव्या मात्र रस्त्याला.

तर मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली किंवा वर खाचा असलेली एक रिंग असते बघा, तो प्रीलोड. स्प्लेंडरला ५ स्टेप, क्लासिक ३५० ला ६. आपल्याकडे सगळे म्हणतात रिंग फिरवली की शॉकअप कडक होतो, पण खरं तर स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा बदलत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते म्हणून वजन पडल्यावर गाडी कमी खाली बसते. म्हणजे हे कम्फर्टचं बटण नाहीये, तुमच्या वजनाप्रमाणे गाडीची उंची जागेवर आणायची सोय आहे.

मोजायचं कसं? आधी टायरची हवा थंड असताना बरोबर करा, नाहीतर दोष हवेचा आणि फिरवत बसाल शॉकअप. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टी लावा आणि टेपने अंतर मोजा. मग गाडी खाली घ्या, एकाने सरळ धरायची, तुम्ही रोजच्या सारखं बसायचं, हेल्मेट सॅक सगळं घालून, पाय फूटरेस्टवर, दोनतीनदा दाबून स्थिर व्हायचं आणि दुसऱ्याने परत मोजायचं. दोन्ही आकड्यांतला फरक मागच्या चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या (म्हणजे चाक वरखाली जास्तीत जास्त जेवढं हलू शकतं त्या अंतराच्या) पाव ते एक तृतीयांश यायला हवा. ट्रॅव्हल १२० मिमी असेल तर ३० ते ४०. जास्त बसतेय तर रिंग स्प्रिंग दाबणाऱ्या बाजूला, कमी बसतेय तर उलट.

फिरवायला टूलकिटमधला तो वाकडा हुकसारखा पाना असतो, तो कशाला दिलाय हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. एकेक खाच करत जा, पहिल्यावरून एकदम पाचव्यावर उडी नको. आणि दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सेम खाच, डावीकडे २ उजवीकडे ४ असल्या गाड्या मी स्वतः बघितल्यात. शेवटच्या खाचेवर पण आपटतेय म्हणजे तुमच्या वजनाला स्प्रिंगच कमी पडतेय किंवा शॉकअप गेलाय, तिथे पाना फिरवून काही होणार नाही.

महागड्या गाडीला रीबाउंडचा स्क्रू पण असतो, दबलेला शॉकअप परत उघडताना त्याला किती रोखायचं ते त्याने ठरतं. स्पीडब्रेकरनंतर गाडी घोड्यासारखी उसळत राहिली तर रीबाउंड कमी आहे, आणि लागोपाठच्या खड्ड्यांत मागची बाजू वर यायच्या आधीच परत दबत गेली तर जास्त. आधीचे क्लिक मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा, मग एकावेळी एकदोनच.

आता शोरूमवाल्यांनो, दहा मिनिटं काढा ना राव. गिऱ्हाईकाला विचारा एकटा फिरणार का रोज डबलसीट, वजन किती, मग त्याच्यासमोर खाच लावून द्या आणि पाना त्याच्याच हातात द्या. प्रीलोड वाढवला की सीट जरा उंच होते आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, हे बुटक्या माणसाला आधी सांगा, नाहीतर तो पहिल्याच सिग्नलला गडबडतो. डबलसीट बसल्यावर हेडलाईटचा फोकस वर जातो हे पण दाखवा, ताम्हिणीत रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जातो तो.

आणि मालकांनो, धुताना शॉकअपच्या दांड्यावर आणि पुढच्या फोर्कवर एकदा बोट फिरवा. तेल लागलं तर सील गेलंय, खाच नंतर बघा, आधी गाडी मेकॅनिककडे.