फाशी की जन्मठेप? वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्यांसाठी

हा विषय कॉलेजच्या स्पर्धांमधे दरवर्षी कुठे ना कुठे असतोच आणि बहुतेक मुलं "फाशीने वचक बसतो का" यावरच घसा कोरडा करून खाली बसतात. अहो, विषय जन्मठेपेपेक्षा जास्त वचक बसतो का हा आहे! फाशी विरुद्ध मोकाट सोडणं अशी तुलनाच नाही, जन्मभर आत सडायला जो घाबरला नाही तो फाशीला घाबरला असता का, एवढंच बोलायचंय. हे पहिल्याच मिनिटात परीक्षकांपुढे मांडा.

समोरचा "जन्मठेप म्हणजे 14 वर्षं" हे हमखास फेकणार. तयार रहा. कायद्याने जन्मठेप मरेपर्यंतच असते, फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यात 14 वर्षांच्या आत सरकार सोडू शकत नाही इतकंच.

आकड्यांचं मात्र जपून. फाशीच्या बाजूने असाल तर एर्लिच या अर्थतज्ज्ञाचा 1975 चा अमेरिकेतला अभ्यास मिळेल, एका फाशीमागे सातआठ खून टळतात म्हणणारा. पण 2012 मधे तिथल्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलने असे ढीगभर अभ्यास तपासून सांगितलं की यावरून खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, काहीच ठरवता येत नाही. म्हणजे विरोधातल्यांनीही "सिद्ध झालंय" म्हणून उड्या मारू नयेत. त्यांनी कॅनडा घ्यावा, 1976 ला फाशी रद्द झाली आणि पुढच्या काही दशकांत खुनांचं प्रमाण उलट घटलं. फाशी काढली म्हणून घटलं असं मात्र म्हणू नका, लगेच पकडतील. आपल्याकडचं लॉ कमिशन दोघांच्याही कामाचं, 1967 ला फाशी ठेवा म्हणालं, 2015 ला दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकीच्यांसाठी फाशी काढा म्हणालं.

माझ्या मते सगळ्यात जड मुद्दा कोल्हापूरच्या गावित बहिणींचा. मुलं पळवून मारल्याबद्दल 2001 ला फाशी सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टात कायम झाली, 2014 ला दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी 2022 मधे हायकोर्टाने जन्मठेप केली, का तर सरकारने अर्जावर वर्षानुवर्षं लावली. असं असेल तर वचक बसायचा कुणाला?

शेवटी "तुमच्या घरातलं कुणी असतं तर" हे येणारच. चिडू नका, हसू तर अजिबात नका, तो राग खराच असतो, पण तो गुन्हेगाराला काय मिळावं याबद्दलचा आहे, पुढचा गुन्हा टळेल का याबद्दलचा नाही, असं शांतपणे सांगा आणि उरलेला वेळ आपल्या मुद्द्यावर घालवा.