तेजस्वी ताऱ्यांचे रंग कसे पाहावेत आणि फोटोत कसे टिकवावेत

अंधूक तेजोमेघ किंवा दीर्घिका टिपायची असेल, तर गडद अंधारे आकाश शोधत जावे लागते. व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित, ब्रह्महृदय हे तारे मात्र दिव्यांनी उजळलेल्या शहरातूनही सहज दिसतात. त्यांची अडचण नेमकी उलटी आहे : त्यांचा प्रकाश सेन्सरवरच्या मोजक्याच पिक्सेलवर एकवटतो, त्या पिक्सेलमधले लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक काठोकाठ भरतात आणि प्रत्येक तारा फोटोत सारखाच पांढराफटक उमटतो. म्हणून या ताऱ्यांच्या बाबतीत प्रकाश जास्त मिळवण्यापेक्षा रंग वाचवणे महत्त्वाचे ठरते.

आधी डोळ्यांनी

सुरुवात मृग नक्षत्रापासून करावी. डिसेंबर ते मार्च या काळात ते संध्याकाळनंतर दिसते आणि त्यात सुमारे ३,५०० केल्विन तापमानाचा तांबूस काक्षी आणि सुमारे १२,००० केल्विन तापमानाचा निळसर राजन्य एकाच नजरेत मावतात. एकटा तारा पाहून त्याचा रंग ठरवणे अवघड जाते; दोन ताऱ्यांवरून आळीपाळीने नजर फिरवली, की फरक लगेच जाणवतो. दुर्बिणीचा फोकस किंचित बिघडवला, तर टोकदार ठिपक्याची छोटी चकती होते आणि तिच्यात रंग अधिक स्पष्ट दिसतो. ही युक्ती पुढे कॅमेऱ्यासाठीही कामी येते.

तारा क्षितिजापासून निदान ३० अंश वर आल्यावरच त्याच्या रंगाबद्दल मत बनवावे. क्षितिजालगतचा व्याध लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो, पण ती करामत खळबळत्या हवेच्या जाड थराची असते. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे तारे क्रांतिवृत्ताजवळ (सूर्य आकाशात ज्या वाटेने सरकताना दिसतो आणि ग्रहही जिच्या आसपास फिरतात, तिच्याजवळ) असल्यामुळे त्यांच्या शेजारी ग्रह येऊन बसतात. शंका आल्यास स्टेलॅरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवसाचे आकाश पाहून घ्यावे.

मग कॅमेरा

ट्रायपॉड घट्ट उभा करावा, लेन्समधील स्थिरीकरण बंद करावे, फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत आणि शटर दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवावा, नाहीतर दर फोटोत रंगांचा तोल बदलण्याची शक्यता राहते. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा पूर्ण मोठा करून, तो सर्वांत लहान दिसेपर्यंत रिंग अगदी हळू फिरवावी आणि ती हलू नये म्हणून चिकटपट्टी लावावी.

आकाश तासाला १५ अंश सरकते, त्यामुळे एक्स्पोजर लांबले की ताऱ्याची रेघ होते. प्रचलित अंदाज असा, की ५०० या संख्येला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागावे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी उत्तर १० सेकंद येते आणि लहान सेन्सरच्या, १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर (फोकल लेंग्थ आधी १.५ने गुणून) साधारण साडेसहा. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरसाठी हा हिशेब फार उदार आहे, असे माझे मत आहे. त्याच्या निम्म्यावर थांबावे. एफ २.८, आयएसओ ८०० आणि ५ सेकंद येथून सुरुवात करून फोटो मोठा करून पाहावा. काक्षीच्या मध्यभागी केशरी छटा उरली नसेल, तर वेळ किंवा आयएसओ निम्मे करावे. जुलै १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अभिजितचे डॅगेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरचे सुरुवातीच्या काळातले छायाचित्र) घेण्यात आले, तो सूर्याखेरीज इतर ताऱ्याचा पहिला फोटो. त्यासाठी मोठी दुर्बीण वापरूनही सुमारे १०० सेकंद लागले होते. आपल्याला प्रकाशाचा तसा तुटवडा नाही.

कमी एक्स्पोजरमध्ये मंद तारे हरवतात. तेही हवे असतील, तर लेन्सपुढे डिफ्यूजन फिल्टर लावावा, म्हणजे ठळक ताऱ्यांभोवती त्यांच्याच रंगाचे वलय पसरते आणि नक्षत्राची आकृती ओळखू येते.

मला मात्र सर्वांत समाधान देणारी पद्धत फोकस टप्प्याटप्प्याने बिघडवण्याची वाटते. कॅमेरा मृगाकडे रोखून, चिकटपट्टी काढून, ३० सेकंदांचे फोटो लागोपाठ घ्यावेत आणि दर फोटोनंतर फोकसची रिंग केसभर फिरवावी. नंतर हे सारे फोटो स्टारस्टॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ पिक्सेल ठेवून) एकत्र केले, की प्रत्येक तारा बारीक रेघेपासून रुंदावत जाणारा रंगीत पट्टा होतो. पट्टा जिथे रुंद होतो, तिथे प्रकाश पसरल्यामुळे पिक्सेल भरून वाहत नाहीत आणि राजन्याचा निळा व काक्षीचा केशरी रंग शेजारी शेजारी उमटतो.

काक्षीची नोंद

काक्षी रूपविकारी तारा आहे, म्हणजे त्याचे तेज कमी-जास्त होत राहते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची दृश्यप्रत (डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचे माप) सुमारे १.६ पर्यंत घसरली होती. त्याची तुलना प्रश्वा (०.४) आणि रोहिणी (०.९) यांच्याशी करावी. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. काक्षी दोहोंच्या बरोबर मध्ये वाटला, तर ०.६ किंवा ०.७ लिहावे. तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर असतील अशी वेळ निवडावी, लाल ताऱ्याकडे एकटक न पाहता नजर भरभर फिरवावी आणि अंदाजासोबत तारीख, वेळ व हवेची स्थिती त्याच क्षणी वहीत टिपावी.