तालुक्याच्या दवाखान्यात शिकण्यासाठी जाताना

एमबीबीएसची साडेचार वर्षे संपल्यावर वर्षभराची इंटर्नशिप येते आणि तिच्यातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी, म्हणजे विद्यार्थी अजूनही ज्याला 'पीएसएम' म्हणतात त्यासाठी, राखलेले असतात. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमाने इलेक्टिव्हही, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयाचे काही आठवडेही, आणले आहेत. या ना त्या निमित्ताने काही विद्यार्थी आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात महिना-दीड महिना बसू लागले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे, आणि शिकत असताना मीही अशाच एका दवाखान्यात बसलो होतो. पुढे लिहिले आहे ते या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून.

निघण्यापूर्वीची तयारी थोडी आहे. महाविद्यालयाचे पत्र आणि लॉगबुक बरोबर असावे, हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण झालेले असावेत, आणि बॅगेत टॉर्च, रिफ्लेक्स हॅमर, मोजपट्टी व खिशात मावेल अशी वही असावी. राहण्याची खोली एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावी. बसच्या वेळा पाठ होणे हा या प्रशिक्षणाचाच एक भाग आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल.

पहिले दोन दिवस डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू नये. कंपाउंडरच्या खिडकीशी बसावे. रुग्ण आत जाऊन जे सांगतो त्यापेक्षा खिडकीशी जे सांगतो ते पुष्कळदा अधिक खरे असते, आणि बाहेर आल्यावर तो कंपाउंडरला जे विचारतो त्यावरून आत त्याला किती समजले ते कळते. 'ह्या गोळ्या जेवल्यावर का आधी?' हा प्रश्न दिवसभरात किती जण विचारतात ते एकदा मोजावे. आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने ते मोजले, तेव्हापासून मी चिठ्ठीवर सूर्य आणि चंद्राची चित्रे काढू लागलो. बाजाराच्या दिवशी गर्दी दुप्पट असते, कारण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे भाजीपाला, बियाणे आणि औषध एकाच फेरीत उरकतात. त्या दिवशी विद्यार्थ्याने प्रश्न कमी विचारावेत आणि पाहावे अधिक.

तिसऱ्या दिवसापासून तक्रारी लिहून घेण्याचे काम मागून घ्यावे, आणि त्या रुग्णाच्याच शब्दांत लिहाव्यात. मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थीही येथे चुकतो, कारण शहरातल्या मराठीत आणि आजाराच्या मराठीत अंतर आहे. एका 'अंग' या शब्दाकडेच पाहावे. 'ताप अंगावर काढला' म्हणजे उपचार न घेता सोसला. 'अंगावरून जाते' म्हणजे रक्तस्राव होतो. 'अंगावर पांढरं जाते' ही निराळी तक्रार. 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे पक्षाघात झाला. आणि 'बाळ अंगावर आहे' म्हणजे आई दूध पाजते आहे, तेव्हा औषध लिहिताना ते ध्यानात ठेवावे. 'उन्हाळी लागली' याचा उन्हाळ्याशी संबंध असेलच असे नाही. लघवीला आग होते, एवढाच त्याचा अर्थ. 'बीपी लो झाला' असे म्हणणाऱ्याचा रक्तदाब बहुतेक वेळा व्यवस्थित असतो, पण त्याला अशक्तपणा आहे, आणि तो का आहे ते शोधायचे असते. 'जीव घाबरते' हे सर्वांत कठीण, कारण त्यात हृदयविकार, रक्तक्षय, भीती आणि कर्ज यांपैकी काहीही असू शकते. अशी वाक्ये ऐकली की त्यांचे लगेच इंग्रजी करू नये; 'घाबरते म्हणजे कसं होते जी?' असा साधा प्रश्न विचारून गप्प बसावे. वडीलधाऱ्या बाईला 'माय' आणि वयस्क पुरुषाला 'काकाजी' किंवा 'बाबा' म्हटले की उत्तर लांबते.

भाषेच्या पाठोपाठ पंचांग येते, आणि आमचे पंचांग शेतीचे आहे. जून-जुलैत पेरणी आणि निंदण, ऑगस्टपासून कपाशीवरची फवारणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात धानाची रोवणी, चंद्रपूर-गडचिरोलीकडे उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. त्या त्या महिन्यात कोण कोठे वाकून, किती वेळ आणि कशात उभे असते हे विचारल्याशिवाय अंगदुखी किंवा ताप यांचा अर्थ लागत नाही. पावसाळ्याच्या शेवटी ताप घेऊन आलेल्या शेतमजुराची काख, जांघ आणि कमरेचा पट्टा उजेडात तपासावा. सिगारेटच्या चटक्यासारखा काळा, न दुखणारा खपला दिसला तर स्क्रब टायफसचा, म्हणजे गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाचा, विचार करावा, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे हे विसरू नये. रुग्ण स्वतः तो खपला दाखवीत नाही. दुखत नाही, तर दाखवायचे कशाला?

फवारणीच्या काळात विशेष सावध राहावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तसा रुग्ण आला तर हातमोजे घालून प्रथम त्याचे कपडे उतरवावेत आणि अंग साबणाने धुवावे, आणि नातेवाइकाला औषधाची बाटली घेऊन येण्यास पाठवावे, कारण सर्वच कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फरस गटातली नसतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर आणि नाडी मंद, असे त्या गटाचे चित्र असेल तर ॲट्रोपिन हा उतारा लागतो. ते कोठवर द्यायचे याचे माप म्हणजे छाती कोरडी होणे, बाहुल्या मोठ्या होणे नव्हे. हे पुस्तकात आहेच, परंतु धुण्यासाठी पाण्याची बादली कोठे ठेवली आहे ते पुस्तकात नसते. ती आधीच पाहून ठेवावी.

माझी स्वतःची, शिकत असतानाची एक चूक सांगतो. श्रावणातल्या एका सकाळी तिशीतल्या एका बाईला तिचा दीर मोटारसायकलवरून घेऊन आला होता. पहाटेपासून पोट दुखत होते आणि एकदा उलटी झाली होती. मी पोट दाबून पाहिले, ते मऊ होते. वहीत 'ॲसिडिटी' लिहिले आणि मनातल्या मनात गोळीही ठरवली. डॉक्टरसाहेबांनी खुर्चीवरूनच विचारले, 'रात्री कुठं झोपली होती बाई?' ती म्हणाली, 'खालीच जी, लेकरांजवळ.' त्यांनी तिला मान न हलवता वर पाहायला सांगितले. तिच्या पापण्या वर गेल्या नाहीत. त्यांच्याकडे पाहता यावे म्हणून ती हनुवटी वर करत होती, आणि ते माझ्यासमोर दहा मिनिटे चालले होते. अंगावर दंशाची खूण कोठेही नव्हती. मण्याराचा दंश अनेकदा असाच असतो: जमिनीवर झोपलेले माणूस, पहाटेचे पोटदुखणे, आणि मग पापण्या, गिळणे व श्वास यांचा क्रम. ग्रामीण रुग्णालयात अँटी-स्नेक व्हेनमच्या १० व्हायल सुरू झाल्या, १०८ च्या रुग्णवाहिकेतून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, काही दिवस व्हेंटिलेटर लागला आणि ती घरी परतली. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोट दुखलेल्या प्रत्येक माणसाला मी कुठे झोपला होता ते विचारतो.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही, म्हणून त्यांच्या दंशासाठी २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करून पाहावी. काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावे, २० मिनिटे ती न हलवता ठेवावी आणि मग एकदाच तिरपी करावी. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच चालत नाही, कारण तीत निरोगी माणसाचे रक्तसुद्धा गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. दवाखान्यात अशा नळ्या किती आहेत हे पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवावे.

आता बसच्या वेळांकडे येतो. वॉर्डात रुग्ण खाटेवर असतो, तेव्हा 'थांबून पाहू' हा निर्णय सोपा असतो. येथे दुपारी साडेचारला तापलेले दहा महिन्यांचे मूल समोर असते आणि त्याच्या गावची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. अशा वेळी मूल आईच्या मांडीवर शांत असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास हे जलद समजायचे. छाती आत ओढली जात असेल तर गाडीचा विचार सोडून रुग्णालयातच पाठवावे. तसे नसेल तर आईला धोक्याची लक्षणे तिच्याच तोंडून वदवून घ्यावीत आणि रात्री वाहन कोणाकडे मिळेल ते तिला आत्ताच विचारावे. 'उद्या या' हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी उद्याचे भाडे, उद्याची बुडालेली मजुरी आणि सोबतीला येणारे माणूस यांचा हिशेब मांडावा. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक नोंदीत गाव, येण्याचे साधन आणि परतीची शेवटची गाडी लिहायला लावतो. त्यांना आधी ते कंटाळवाणे वाटते.

दोन गोष्टी रोज पाहाव्यात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाणाऱ्याला, म्हणजे आमच्याकडे पंधरा वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत कोणालाही, स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालायला सांगावे. दोनच गेली तर तोंड आखडू लागले आहे असे समजून गालाच्या आतले पांढरे, ताठ पट्टे बोटाने चाचपावेत. आणि वारंवार सांधे दुखणाऱ्या, डोळे पिवळे असणाऱ्या मुलाला 'वात' म्हणून सोडून न देता सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी. विदर्भाच्या पूर्व भागात तो आजार पुष्कळ आहे, आणि आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे त्या दोघांना घाई न करता सांगावे.

न पटणाऱ्या गोष्टीही दिसतील. रुग्ण 'सुई द्या' म्हणतो, 'बाटली लावा' म्हणतो, आणि अनेक दवाखाने लावतातही. मीही सुरुवातीच्या काळात गरज नसताना लावल्या आहेत, कारण नाही म्हटले की माणूस समोरच्या दवाखान्यात जात असे. विद्यार्थ्याने रुग्णादेखत वाद घालू नये, दवाखाना रिकामा झाल्यावर विचारावे. उत्तर पटले नाही तरी ते लिहून ठेवावे. स्वतः मात्र कोणत्याही चिठ्ठीवर सही करू नये, खोलीच्या मालकीणबाईंच्या गुडघ्यावरसुद्धा औषध लिहू नये, आणि रुग्णाचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. तालुक्याच्या गावात पायावरच्या गोंदणावरून माणूस ओळखले जाते.

शेवटच्या आठवड्यात रजिस्टर मागून घ्यावे आणि ज्यांना पुन्हा बोलावले होते पण जे आले नाहीत, त्यांची यादी करावी. त्यात बीपीच्या गोळ्या बरे वाटले म्हणून सोडलेले असतील, थुंकीची तपासणी करायला सांगितलेला एखादा असेल. कंपाउंडरला विचारल्यास त्यांतले निम्मे कोणाचे कोण ते तो बसल्या जागी सांगेल. उरलेल्यांसाठी त्या गावच्या आशाताईंना फोन करावा, आणि शक्य असेल तर एका दुपारी त्यांच्यासोबत जाऊन यावे. परतीची गाडी किती वाजता आहे ते मात्र आधी विचारून घ्यावे.