क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेत खोलवरचे मूल्य कसे बदलावे

समजा, एका ऑर्डरच्या मॅपमध्ये (की आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संचात) ‘वस्तू’ नावाचा व्हेक्टर, म्हणजे क्रमांकाने घटक देणारी यादी, आहे आणि त्यातील प्रत्येक मॅपमध्ये दर नोंदवलेला आहे. तिसऱ्या वस्तूचा दर बदलायचा असेल, तर एकेक थर हाताने उलगडत बसू नये; ‘अपडेट-इन’ला मूळ मॅप, ‘वस्तू, २, दर’ हा मार्ग आणि बदल करणारे फंक्शन द्यावे. मोजणी शून्यापासून होते, म्हणून २. मूळ मॅप जसाच्या तसा राहतो, आणि न बदललेले भाग नवा मॅप जुन्याशी वाटून घेतो.

सगळेच दर बदलायचे असल्यास ‘अपडेट’च्या आत ‘मॅप-व्ही’च (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून व्हेक्टर परत देणारे फंक्शन) वापरावे, असा माझा आग्रह आहे. साधे ‘मॅप’ हे फंक्शन वापरले, तर व्हेक्टरच्या जागी लेझी सिक्वेन्स (गरज पडेल तसे घटक काढणारी मालिका) येतो, आणि पुढे कोणी मार्गावरचे मूल्य वाचणाऱ्या ‘गेट-इन’ने क्रमांक देऊन दर मागितला, की कोणतीही एरर न दिसता हाती ‘निल’, म्हणजे ‘काहीच नाही’, पडते. अशी चूक शोधणे फार जिकिरीचे असते.

मार्गातील की अस्तित्वातच नसेल, तर फंक्शनलाही ‘निल’ मिळते आणि एक मिळवणारे ‘इंक’ तिथेच कोसळते, म्हणून त्याला ‘एफ-निल’मध्ये गुंडाळून शून्य हे पर्यायी मूल्य द्यावे. खोली आधी ठाऊक नसेल, तरच सगळी रचना फिरून येणाऱ्या ‘पोस्टवॉक’ या फंक्शनकडे वळावे, कारण ते प्रत्येक घटकाला भेट देते.